परेडच्या सकाळी बंद पडलेला टीव्ही

सतरा वर्षे फौजेच्या वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त केले. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरतेत, कोसाडला टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकले.

एका सव्वीस जानेवारीला सकाळी आठ वाजता शेजारच्या सुमनबाई दारात आल्या. धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. नवरा रघुनाथ पॉवरलूमवर कामाला. मुलगा भिला फौजेत शिपाई. त्या दिवशी तो दिल्लीच्या परेडमध्ये चालणार होता. पत्रात त्याने जागा कळवली होती: चौथी ओळ, उजवीकडून तिसरा.

"भाऊ, टीव्ही बंद पडी गया. मना आंडोर आते कसा दिखी?" आंडोर म्हणजे मुलगा.

आठ-दहाला त्यांच्या घरी मी सेटचे मागचे झाकण उघडले. फ्यूज ठीक. वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्ट होते, पुढे काहीच नाही. म्हणजे पॉवर सप्लाय सुरूच होत नव्हता. प्लग काढला, तरी कपॅसिटर भरलेलाच होता.

"कुणी पुढे यायचं नाही."

बल्बच्या वायरी लावून तो रिकामा केला. मग एकेक पार्ट तपासला. सप्लायला पहिला धक्का देणारा रेझिस्टर ओपन, म्हणजे आतून तुटलेला होता. पार्ट तो केवढा, तांदळाएवढा. सुट्टीमुळे बाजार बंद. दुकानातल्या भंगार सेटमधून तसाच रेझिस्टर काढला. नऊ-पाचला सोल्डरिंग पूर्ण. वायरीत शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला; काही चुकले असेल तर बल्ब पेटलेला राहील आणि सेट वाचेल.

"रघुनाथ, ऑन."

"ऑन!"

बल्ब भपकन पेटला आणि मंद झाला. तसाच व्हायला हवा. आधी आवाज आला, मग चित्र.

दहा बाय दहाच्या खोलीत सोळा माणसे बसली. भिलाची तुकडी आली. कॅमेरा बुटांवरून चेहऱ्यांवर गेला.

"तो देखा! मना भिला!" सुमनबाई उभ्याच राहिल्या.

"अगं, ती दुसरी ओळ," रघुनाथ म्हणाला.

"जनम मी दिधा! माले नको सांगू!"

खोली हसून लोळली. मीही.

मग शिरा वाटताना सुमनबाईंनी विचारले, "भाऊ, हाई काम तुमले कोणी शिकाडं?"

मी म्हणालो, "नाईक जोगिंदर सिंग." सीमेवरच्या फॉरवर्ड पोस्टचा सेट दुरुस्त करायला तो गेला होता. दुपारी दोनला सेट बोलला. "सेट ओके. ओव्हर." दोन-दहाला त्याच पोस्टवर तोफेचा शेल पडला, त्यात तो गेला. वय सव्वीस. सेट चालू झाला की टेबलावर थाप मारून हसायचा.

सुमनबाईंनी शिऱ्याची आणखी एक वाटी भरली आणि जोगिंदरच्या नावाने देवापुढे ठेवली.