शेजाऱ्याची कागदी फुलं

महायुद्ध संपल्यावर पलटणीतून घरी आलेला आमचा शेजारी परसात भाजीऐवजी कागदी फुलांची रोपं लावी. त्यांच्या पाकळ्या मुळातच कोरड्या, हात लावला की कुरकुरत. फूल पुरतं उमलायच्या आत तो ते कापी, पानं खुडी आणि जुड्या पडवीच्या वाशाला उलट्या टांगी. "खाली मुंडी केली की दांडा सरळ ऱ्हातोय, वैनी," असं तो मला सांगे, तेही सावधान उभं राहून.

वैशाखात साताऱ्यातल्या आमच्या घरी माझ्या मुलीचं लग्न निघालं. यादीतली बाकी कामं उरकली, पण उन्हानं झेंडू करपला. मी त्याच्याकडे जुड्या मागितल्या. तो हरखून पाटीभर घेऊन आला, तर सासूबाईंनी त्याला दारातच अडवलं. "वाळकी फुलं? मेलेलं काही मांडवात चढायचं नाही!"

त्यानं पाटी खाली ठेवली. तांब्यातलं पाणी फुलांवर शिंपडलं आणि ओट्यावर बसून राहिला. हळूहळू एकेक फूल कळीसारखं मिटलं. मग त्यानं पाटी उन्हात सरकवली. पाणी सुकलं तशी फुलं पुन्हा उमलली.

"आवं मावशी, मेल्यालं कवा डोळं उघडतंय व्हय?"

सासूबाईंनी पदर खोचला आणि जुड्या स्वतः मांडवाला बांधल्या.

लग्नाच्या सकाळी मात्र त्या येईल त्या पाहुणीला धरून, फुलांवर पाणी शिंपडून ती गंमत दाखवू लागल्या. शेवटी शेजारीच हात जोडत धावत आला. "मावशी, वऱ्हाड वेशीत आलंय! आता तरी उघडू द्या की त्यास्नी!"