पुरवणी जबाब

शस्त्र परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो: शस्त्र बाळगण्याचं कारण. त्यात मी आधी 'नोकरीचं स्वरूप' एवढंच लिहिलं होतं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कारकुनानं ते वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, नोकरी काय करता?"

"जमिनी मोजते."

"मग त्यात पिस्तूल कशाला?"

परंड्याहून सकाळची पहिली गाडी धरून, बार्शीला गाडी बदलून, पुढं उभ्यानं मी धाराशिवला पोचले होते. डोक्यात तिडीक गेली. "या एकदा बांधावर, म्हणजे कळेल," मी म्हणाले. माणूस चांगला होता, चिडला नाही. म्हणाला, तोंडी सांगून चालत नाही, धोका आहे हे कागदावर दिसायला पाहिजे. तक्रार, जबाब, काहीतरी. आणि तोच कागद तर माझ्याकडं नव्हता.

मी भूकरमापक आहे. सरकारी मोजणी करते, नकाशा आणि जमीन यांचा मेळ घालते आणि हद्दीच्या खुणा ठोकून देते. या कामात आपलं म्हणावं असं कुणी नसतं. ज्याची जमीन वाढून निघते त्याला वाटतं, माझी होती ती मला मिळाली, यात हिनं काय केलं? ज्याची कमी निघते त्याला मात्र पक्कं ठाऊक असतं की हिनंच घालवली. चौदा वर्षांत मी शिव्या खाल्ल्या आहेत, अंगावर कुत्रं सोडलेलं पाहिलं आहे, एक म्हातारी तर बांधावर आडवी होऊन "न्या माझ्या अंगावरनं साखळी" म्हणाली होती. या सगळ्यांना मी पुरून उरले, कारण मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलते. ऑफिसात माझ्या पाठीमागं मला 'जमदग्नी' म्हणतात, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

पण त्या दिवशीचा माणूस ओरडलाच नाही.

दोन चुलतभावांतला बांधाचा वाद होता. अर्ज धाकट्यानं केला होता आणि मोजणी थोरल्याच्या उसाकडं सरकत चालली होती. थोरला पन्नाशीचा, अंगानं किरकोळ. हातात ऊस तोडायचा कोयता होता, पण सुगीच्या दिवसांत तो कुणाच्या हातात नसतो? तो सावकाश माझ्याजवळ आला. मी जमिनीत रोवलेल्या झेंड्याच्या काठीवर त्यानं कोयता टेकवला, आणि शेजाऱ्याची खुशाली विचारावी तशा आवाजात म्हणाला, "मॅडम, रोज ह्याच रस्त्यानं जाता न्हवं? स्कुटीवर, एकल्याच?"

मोजणी अर्धवट टाकून मी निघाले. कागदावर लिहिलं, 'हरकतीमुळे काम अपूर्ण'. परतीच्या रस्त्यावर एक मोटारसायकल माझ्या मागं लागली. मी वेग वाढवला की ती वाढवायची, मी कमी केला की तीही. ओव्हरटेक करायचं नाव नाही. सहा-सात किलोमीटर. आरशात नुसता टॉवेल बांधलेला चेहरा दिसत होता. परंड्याच्या वेशीजवळ आले आणि मोटारसायकल शांतपणे वळून परत गेली.

याची तक्रार काय करणार? माणसानं रस्ता विचारला, आणि एक गाडी माझ्या मागून आली. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, पुढच्या वेळी पोलीस बंदोबस्त घेऊ. बंदोबस्त येतो, दोन तास झाडाखाली बसतो आणि निघून जातो. रस्ता माझ्यासाठी उरतोच. आणि अर्धवट मोजणी मलाच पुरी करायची होती. संक्रांतीनंतरची तारीख पडली होती.

घरी मी काहीच बोलले नाही. नवरा शाळामास्तर, हळवा माणूस. सासूबाई सत्तरीच्या, शेतात राबलेल्या, सून सरकारी नोकरीत आहे याचा त्यांना कोण अभिमान. त्यांच्यासमोर जमदग्नीनं 'मला भीती वाटते' म्हणायचं? उलट त्या दिवशी मी जेवताना जरा जास्तच बोलले. पण त्यानंतर स्कुटीचा आरसा मी इतका आत वळवून घेतला की त्यात रस्त्यापेक्षा माझंच तोंड जास्त दिसायला लागलं. कडी लावली का हे तीन-तीनदा उठून बघायचे. मागून हॉर्न वाजला की स्कुटी कडेला घेऊन उभी राहायचे. मग मी अर्ज केला.

वैद्यकीय दाखल्यासाठी डॉक्टरनं विचारलं, "राग येतो का?" मी "अजिबात नाही" असं एवढ्या जोरात म्हणाले की त्यांनी पेन खाली ठेवलं. दाखला मात्र दिला. गोळीबाराच्या प्रशिक्षणाची चौकशी केली, घरात कुलपाचं लोखंडी कपाट घेतलं. नवऱ्याला सांगितलं, खात्यानं सगळ्यांनाच अर्ज करायला लावलाय. पिस्तूल कुणाला दिसता कामा नये, कपड्याच्या आत राहिलं पाहिजे असं वाचलं, तेव्हा ड्रेसच्या आत कमरेला की पर्समध्ये याचा विचार करत मी कितीतरी वेळ आरशापुढं उभी होते. ते चालवायचं कसं, हा विचार त्यामानानं फारच कमी केला.

पोलिसांकडून घरी चौकशी होणार होती. सगळं तिथंच ठरणार होतं. हवालदार नेमके मी दुसऱ्या गावी मोजणीला गेलेले असताना आले. संध्याकाळी दारातच सासूबाईंनी मला अडवलं. चेहरा असा खुललेला की मला वाटलं, नणंदेकडून काही गोड बातमी आलीय.

"पोलीस आलता चौकशीला. चांगले पोहे करून घातले. काई काळजी करू नगंस, मी समदं चांगलं सांगितलंय."

"काय सांगितलंत, आत्या?"

"सांगितलं, आमच्या सुनेचं कुणाशी वाकडं न्हाय. येता-जाता माणसं नमस्कार घालत्यात. तिच्या केसाला धक्का लावायची कुणाची बिशाद हाय, म्हनलं! शेजारच्या गुरुजींनी बी सांगितलं, लई शांत बाई हाय."

मी शांत! त्या खोट्याबद्दल गुरुजींना वरती कधीतरी जाब द्यावा लागेल. पण खरं सांगायचं तर या दोघांचं काही चुकलं नव्हतं. चौकशीला माणूस आला की घरातलं वाईट बाहेर काढायचं नाही, हे आमच्याकडं लहानपणापासून अंगात मुरलेलं. स्थळाची चौकशी असो नाहीतर पासपोर्टची, कुणाशी भांडण नाही, कुणाचं देणं नाही, माणूस गायीसारखा. सासूबाईंनी माझं स्थळ जमवावं तसं माझं वर्णन केलं होतं आणि त्याखाली अंगठा न देता, शिकलेली सही केली होती. अर्जदारास कुणापासून धोका नाही, हे आता माझ्या घरच्यांच्याच तोंडून कागदावर आलं होतं.

मी हातातली बॅग फेकली. "वाटोळं केलंत माझं," मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" आणखीही बरंच बोलले. ते आठवलं की आजही मान खाली जाते. सत्तर वर्षांच्या बाईला कुणी असं बोलत नाही. नवरा आतून धावत आला. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

"मला काय ठावं? तू कवा सांगितलंस?"

फेकलेली बॅग उचलायला मी वाकले, तशा त्या पुढं बोलल्या.

"मागं गुरुजींच्या घरी हळद हुती. तेरखेड्याचे फटाके आणलेवते. पयला बार उडाला आन् तू पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलीस, डोकं हातात धरून. म्या इचारलं, काय गं? म्हनलीस, कानातलं पडलंय, हुडकतीय." त्यांनी माझ्या कानांकडं बघितलं. "दोन्ही कानात व्हतं की तुझ्या कानातलं."

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. आणि मी सांगत नाही म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं. मग मी तिथंच, दारातल्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. कोयता, रस्ता, आरशातला टॉवेल. सांगताना माझा आवाज माझाच वाटेना. नवरा म्हणाला, "उद्याच्या उद्या राजीनामा दे." सासूबाईंनी त्याला हातानंच गप्प केलं. "आधी त्या हवालदाराला गाठू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. हवालदारांनी डोकं खाजवलं. "आजी, काल तर तुम्हीच म्हणालात कुणाची बिशाद न्हाय."

"काल मला ठावं नव्हतं. आज लिहा."

आधीचा जबाब खोडता येत नाही, पुरवणी जबाब घेता येतो, असं ते म्हणाले. मी माझा दिला, सासूबाईंनी त्यांचा. फटाक्याचं सांगितलं, कडीचं सांगितलं. तीन-तीनदा उठते हेही त्यांना ठाऊक होतं. हवालदारांनी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंचं समाधान झालं नाही. "शेवटी लिहा," त्या म्हणाल्या, "सून भेती." ठाण्यातले तीन-चार पोलीस वळून माझ्याकडं बघायला लागले. मला धरणी फाटली तर बरं, असं झालं. पण मी ते वाक्य काढायला लावलं नाही, कारण ते खरं होतं आणि मला ते कागदावर हवं होतं.

"आता समोरच्याला बी बोलवावं लागंल," हवालदार पेनाला टोपण लावत म्हणाले. "त्याचा बी जबाब लागतो, असं बोलला का न्हाय ते."

"बोलवा की," मी म्हणाले. "सोडू नका." फाइल हलली या आनंदात मी सासूबाईंना परतताना लस्सी पाजली.

संक्रांत गेली. परवाना आला नाही. विचारलं की 'विचाराधीन' एवढंच उत्तर यायचं. मोजणीच्या आदल्या दिवशी मला ताप असावा असं मनापासून वाटत होतं, पण थर्मामीटर काही साथ देईना.

सकाळी दोन पोलीस आले आणि बांधावरच्या बाभळीखाली बसले. निम्मं गाव जमलं होतं. थोरला भाऊही होता. कोयता नव्हता, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी त्याच्याकडं न बघता यंत्र लावलं, आमच्या शिपायाला झेंडा घेऊन पुढं पाठवलं. आकडे दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा डोळ्यांपुढं ते ठरतच नव्हते. तास-दीड तास गेला. मग तो उठला आणि त्या दिवशीसारखाच सावकाश चालत माझ्यापाशी आला. पोलिसांनी नुसती मान वर केली.

"मॅडम, मला ठाण्यात बोलावलं हुतं." आवाज तोच, खुशाली विचारल्यासारखा. "तुमी माज्यापायी पिस्तूल मागितलंय म्हणं."

बांधावरची माणसं जवळ सरकली. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जे मी नवऱ्यापासून लपवलं, सासूपासून लपवलं, ते मी स्वतः सही करून या माणसाच्या घरी पोचवलं होतं. एवढे दिवस त्याला नुसता अंदाज होता. आता पोलिसांनीच त्याला वाचून दाखवलं होतं की सून भेती.

चौदा वर्षं जे तोंड कुणापुढं थांबलं नाही, त्यातून एकच शब्द निघाला. "हो."

"एवढं भ्या वाटतंय व्हय माजं?"

"वाटतं," मी म्हणाले. "रोज वाटतं."

त्यानं जमलेल्या माणसांकडं एकदा नजर फिरवली. चेहऱ्यावर राग नव्हता, असलंच तर समाधान होतं. घरातून पाणी मागवलं, तांब्या आणि पेला स्वतः माझ्यापुढं धरला. मी पेला घेतला. पाणी एका दमात पिऊन टाकलं. तो ते बघत होता.

"आन् अजून मिळालं न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं. "पिस्तूल?"

मिळालंय म्हणता आलं असतं. पर्स खांद्यालाच होती, तिच्यावर नुसता हात ठेवला असता तरी पुरलं असतं.

"नाही," मी म्हणाले. मग पेला त्याच्या हातात परत दिला, नकाशा उघडला आणि शिपायाला खूण ठोकायला सांगितली. ती त्याच्या उसात चार हात आत निघाली होती.