हमूरचं वय, पोरीचं माप

"सरळ निज, बाबा. माप घेतो."

चाचा हे मेलेल्या माशाला म्हणायचे. मासा फळीवर आडवा ठेवायचे, त्याचं तोंड फळीच्या कडेला टेकवायचे आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत तळहात असा फिरवायचे, की कुणाला वाटावं दिवसभर हुंदडून आलेलं पोर झोपवताहेत. मासा बिचारा सरळच निजायचा. दुसरं करणार काय?

नव्वदच्या दशकात मी बहरीनमध्ये मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. मूळची मी वसईची. माशाचा वास मला काही नवा नव्हता, पण इतके ताजे मासे येतात आणि त्यांचं कालवण न होता रिपोर्ट होतो, हे पचायला मला फार दिवस लागले. चाचांचं काम मासे मोजण्याचं. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान, पन्नाशीला टेकलेले. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. साहेब अरब होते, त्यांच्याशी 'यल्ला' आणि 'इंशाल्ला' एवढ्यावर भागायचं. मराठी बोलायला ऑफिसात आम्ही दोघंच होतो.

सगळ्यात जास्त यायचा तो हमूर. अंगावर तांबूस ठिपके असलेला, जाड ओठांचा, कायम रुसलेला मासा. त्याची लांबी घेऊन झाली की चाचा त्याचं डोकं फोडायचे आणि कानातून पांढरा खडा काढायचे. माशाच्या कानात खडा असतो हे मला तिथेच कळलं. तो खडा मधोमध मोडून ज्योतीवर जरासा भाजला आणि भिंगाखाली धरला, की कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वर्तुळं दिसतात. वर्षाला एक. मधली वर्तुळं रुंद, कडेची अगदी चिकटून.

"पहिली वर्षं तो भराभर वाढतो, बाय," चाचा सांगायचे. "मग वाढ मंदावते. मग नुसतं वय होतं."

"माझ्या कानात बघून सांगा ना माझं वय."

"सांगतो की. पण आधी डोकं फोडावं लागेल."

फोडलेली डोकी मी घरी न्यायचे. ती वाया घालवणं माझ्याच्याने झालं नसतं.

चाचा राहायचे मुहर्रकला, जुन्या घरातल्या एका खोलीत, आणखी तिघांबरोबर. विमानतळ जवळच. ऑफिसवरूनही विमानं खाली उतरत जायची. प्रत्येक विमानाला चाचा हातातलं काम थांबवून वर बघायचे. "मुंबईचं असेल," म्हणायचे. ते कैरोचं की लंडनचं, खालून कोण सांगणार? मी चिडवायचे, "हात करा, खिडकीत कुणी ओळखीचं असेल." एकदा त्यांनी खरंच हात केला. मग मी चिडवणं सोडलं.

गावी त्यांची बायको होती आणि एकच मुलगी. चाचा इकडे आले तेव्हा ती पाळण्यात होती. सुट्टी मिळायची दोन वर्षांतून एकदा. मधल्या काळात पोर केवढी झाली हे कळावं म्हणून त्यांची बायको दरवर्षी एक दोरा पाठवायची. पोरीला दाराशी उभी करायची, टाचेपासून डोक्यापर्यंत जाड दोरा धरायचा, कापायचा आणि बहरीनला येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात आमसुलांच्या पुडीत घालून द्यायचा. दर वर्षी दोऱ्याचा रंग वेगळा, घोटाळा व्हायला नको. आखातात राहिलेल्या पुष्कळ घरांनी असे दोरे पाहिले असतील. कपडे त्याच मापावर घेतात.

"उंची कागदावर लिहून का नाही मागवत?" मी एकदा विचारलं.

"आकडा वाचून मला काय दिसणार? दोरा धरला की पोर समोर उभी राहते."

दोरा आला की चाचा तो माशांच्या फळीवर पसरायचे. आमसुलाने डागाळलेला असायचा. मागच्या वर्षीचा त्याच्या शेजारी ठेवायचे आणि वाढलेला तुकडा मला चिमटीत धरून दाखवायचे. "बघ, एवढी!" तो तुकडा पाहण्यासाठी मलाही टाइपरायटर सोडून उठावं लागायचं, नाहीतर दिवसभर रुसायचे, अगदी हमूरसारखे.

"हा करार संपला की खलास," त्यानंतर हमखास म्हणायचे. "पोर वाढतेय तोवर एक अख्खं वर्ष घरी काढायचं. रोज बघायची तिला." मी किती वेळा ऐकलं असेल हे! पण करार संपायचा तेव्हा घराचा स्लॅब तरी राहिलेला असायचा, नाहीतर धाकट्या भावाचा व्हिसा. चाचा सही करायचे.

एका वर्षी दोरा आलाच नाही. आणणाऱ्या माणसाची सुट्टी ऐनवेळी लांबली आणि चाचांची स्वतःची सुट्टी तर तोंडावर आलेली. मग चाचांनी डोकं चालवलं. साहेबांच्या भिंतीवर हमूरच्या वाढीचा आलेख होता, आधी चढणारा, मग हळूहळू आडवा होत जाणारा. जुने दोरे शेजारी शेजारी मांडून त्यांनी हिशेब लावला, की पोरही आता मंदावली असणार. आणि मुहर्रकच्या बाजारातून त्या मापाचा, गुलाबी, झालरीचा फ्रॉक घेतला.

सुट्टीहून परत आले ते खजील होऊन. "ढोपराच्या वर गेला, बाय. ताडमाड झालीय. मासा असा मधेच उडी मारत नाही गो!"

मी पोट धरून हसले. वाढत्या पोरीला हमूरचा नियम लावणारा बाप दुसरा कुठे मिळणार? तेही हसले. मग फळी पुसता पुसता हळूच म्हणाले, "मला पाणी दिलंन पोरीनं, ते काचेच्या गिलासात. तो आमच्याकडे पाहुण्यांसाठी असतो."



पुढची दोन वर्षं दोरे वेळेवर आले. त्यातला दुसरा हिरवा होता. चाचांनी तो फळीवर पसरला, शेजारी मागच्या वर्षीचा लाल ठेवला. नेहमीसारखी हाक आली नाही म्हणून मीच उठून गेले.

दोन्ही दोरे एका लांबीचे होते.

चाचांनी हिरवा उचलला, पुन्हा ठेवला. कुठे मुडपला असेल, कुठे वळ राहिला असेल म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यावरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

"सरळ निज, बाबा," ते पुटपुटले. "सरळ निज."

मला रडू आवरेना. "चाचा, ताणून धरला नसेल दोरा," मी म्हटलं.

"नाही, बाय. तिच्या आईचं माप चुकत नाही. थांबली पोर वाढायची."

त्याच आठवड्यात साहेबांनी नव्या कराराचा कागद आणून दिला. चाचांनी उभ्या उभ्या सही केली. स्लॅब झाला होता, भाऊही कामाला लागला होता. "आता तरी घरी नाही जायचं?" मी विचारलं.

"आता घाई कसली?" ते म्हणाले आणि त्यांनी हमूर फळीवर घेतला.

वर्षभराने माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही बहरीन सोडलं. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला गेले तेव्हा चाचा फळीपाशीच होते. आमच्या डोक्यावरून एक विमान गेलं, अगदी खालून, खिडक्या हादरवत. मी सवयीने थांबले. चाचांनी वर पाहिलं नाही. माशाची शेपटी सरळ करत राहिले.