मान खाली घालून घेतलेलं तीर्थ

आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी आरतीनंतर तीर्थ द्यायचं काम माझ्याकडे आहे. कोणी नेमून दिलेलं नाही. आधी देणाऱ्या आजी थकल्या, पळी माझ्या हातात आली ती आलीच. तीर्थ देताना एक श्लोक म्हणायचा असतो. अकाली मरण टळो, सगळ्या व्याधी नाहीशा होवोत, अशा अर्थाचा. इतक्या वर्षांत तो इतक्यांदा म्हटला, पण त्याचा अर्थ कधी टोचला नव्हता. गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या गुरुवारी मात्र टोचला. समोर पसरलेले हात, माझ्या हातात पळी, तोंडात तो श्लोक आणि गळ्यात, त्या श्लोकाच्याच वाटेवर, कॅन्सर. मी श्लोक अर्धवट सोडला आणि नुसतीच पळी पुढे करत राहिले. आवाज आधीपासूनच बसलेला होता, ज्येष्ठमध चघळून मी दिवस काढत होते, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही.

थायरॉईडचा कॅन्सर म्हटलं की लोक धीर द्यायला येतात ते जवळजवळ अभिनंदन करायला आल्यासारखे. "थायरॉईडचा ना? मग काही नाही. तो बरा होतो." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की मलाही ते पटायला लागलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आमच्या ह्यांना आणि मला समजावून सांगितलं, तेव्हा त्या वाक्याला एक 'पण' असतो हे कळलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, गाठ किती मोठी आहे, एवढंच आम्ही बघत नाही. ती ग्रंथीच्या आवरणात राहिली की बाहेर पडली, आणि बाहेर पडून कुठपर्यंत गेली, यावर पुढचं बरंच ठरतं. समोरच्या पातळ स्नायूला लागली असती तर फारसा फरक पडला नसता. तुमची गाठ आवाजाच्या डाव्या नसेला गुंडाळून बसली होती आणि श्वासनलिकेला वरून चिकटली होती. नस कापावी लागली. नलिकेवरून गाठ खरवडून काढली, तरी काही पेशी मागे राहिल्या असतील. तुमचं वयही लक्षात घ्यावं लागतं. परत उद्भवायची शक्यता आहे, म्हणून किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल द्यायची आहे." आमचे हे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आलेले. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे पूर्ण निघाली नाही?" डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. त्याबद्दल आज मी त्यांची ऋणी आहे, त्या दिवशी नव्हते.

ऑपरेशनला जाण्याआधीच मी दत्तगुरूंशी अबोला धरला होता. ज्या गळ्यानं तुमचं नाव घेतलं त्याच गळ्यात हे का, एवढं विचारलं आणि पुढे नामस्मरण बंद केलं. शुद्धीवर आले तेव्हा तोंडातून आवाजच निघेना, नुसता वारा. वाटलं, मी अबोला धरला आणि त्यांनी तो मनावर घेतला.

पण आवाजापेक्षा मोठं संकट पाण्याचं निघालं. आमच्या शहरात नळाला पाणी यायचा दिवस हा एक सणच असतो. घरातली पिंप, टाक्या, बादल्या भरून ठेवण्यात माझा जन्म गेला. आणि आता ग्लासभर पाणी समोर असून मला पिता येत नव्हतं. गळ्याची डावी बाजू लुळी पडल्यामुळे घोट श्वासनलिकेत जायचा. असा ठसका लागायचा की टाके तुटतील असं वाटायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मऊ भात उतरायचा, पाणी नाही. कसं प्यायचं ते हॉस्पिटलच्या ताईंनी शिकवलं होतं: हनुवटी छातीला, मान डावीकडे, लहान घोट. मी मान डोलावली होती आणि आपल्या मते तसंच करत होते. तरी रोज ठसका. फुप्फुसात पाणी गेलं तर न्यूमोनिया होईल, म्हणून नाकातून नळी घालावी लागेल असं डॉक्टर म्हणाले. शिवाय आयोडीनची ती कॅप्सूल पाण्याबरोबरच गिळायची असते. गिळणं सुधारलं नाही तर ते उपचार लांबणार होते, आणि मागे राहिलेल्या पेशी काही माझ्यासाठी थांबणार नव्हत्या. ह्यांनी देवळातून तीर्थ आणलं होतं, छोट्याशा स्टीलच्या बाटलीत. ते मी उशाशी तसंच ठेवलं होतं. देवावरचा राग तर होताच, पण खरं सांगायचं तर मला त्या घोटभर पाण्याची भीती वाटत होती.

शेजारच्या खाटेवर दौलताबादच्या शमीमआपा होत्या. किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्याकडेला त्यांची सीताफळांची पाटी. आजार माझाच, पण पुढे गेलेला. गाठ दुखत नव्हती म्हणून सीताफळांचा हंगाम होऊ दे, असं म्हणत त्यांनी ती राहू दिली होती. आधी एक ऑपरेशन झालं होतं, त्यात आवाज गेला. आता गाठ श्वासनलिकेच्या आत शिरली होती. त्यांच्या मुलीला डॉक्टर बाजूला घेऊन बोलले तेव्हा ती पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली. ते बघून मला सगळं कळलं. आमच्या दोघींच्या आजाराचं नाव एकच होतं. माझा कुंपण ओलांडून बाहेर उभा होता, त्यांचा शेजारच्या घरात घुसला होता. एवढ्याच फरकानं मला 'बघू या' मिळालं होतं आणि त्यांना नाही.

एका दुपारी मला पुन्हा ठसका लागला. हे जेवायला गेले होते. ठसका ओसरला आणि मी रडायला लागले. आवाज नसलेलं रडणं फार केविलवाणं असतं. शमीमआपा उठून माझ्या खाटेपाशी आल्या. त्यांचा आवाजही नुसती कुजबुज, कान द्यावा लागायचा.

"ताई, लई दिस बघायलीय मी. तुमी वरून पाणी वतता."

मी ग्लासाकडे बघितलं. खरंच की. लहानपणापासून भांड्याला ओठ लावायचा नाही, उष्टं होतं, ही सवय. त्यातून हॉस्पिटलचा ग्लास. मी मान वर करून, वरून घोट सोडत होते, आणि मग शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली आणत होते. तोवर पाणी जायचं तिथे गेलेलं असायचं. सांगितलेलं सगळं मी करत होते, फक्त उलट्या क्रमानं. आणि हे मला दिसत नव्हतं, कारण पाणी पिताना आपण काय करतो हे कोणी बघतं का?

"वरून नका पिऊ. मान वर केली की गळा उघडा पडतो," त्या म्हणाल्या. मग बाटलीकडे बोट केलं. "ते काय हाय?"

"तीर्थ," मी ओठांनीच म्हटलं.

"मंग हेच घ्या की! तीरथ तुमी वरून घेता व्हय? हातात घेता ना? नमाजाआधी वजूला आमी बी असंच हातात पानी घेतो." त्यांनी माझा उजवा हात धरला, तळव्याची खोलगट वाटी केली, बाटलीचं झाकण उघडलं. अगदी थोडं, पळीभरच, ओतलं. ओतताना पुटपुटल्या, "बिस्मिल्लाह." मग दुसरा हात माझ्या मानेवर ठेवून ती हलकेच डावीकडे वळवली. "मान खाली, ताई. आता घ्या."

मी घेतलं. तुळशीचा वास आला, पाणी जिभेवर आलं, आणि उतरलं. मी ठसक्याची वाट बघत बसले. आला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा ओतलं, तेही उतरलं. तीर्थ देत आले मी, शेकडो हातांवर दिलं असेल, पण आयुष्यात कोणाच्या हातून इतक्या तहानेनं घेतलं नव्हतं. चमत्कार म्हणा असं मी कोणाला सांगणार नाही. शिकवणाऱ्या ताईंनी हेच सांगितलं होतं, डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. पण ते माझ्या अंगात उतरवायला दत्तगुरूंनी जिला पाठवलं, तिला स्वतःचा श्वास पुरत नव्हता. हे आठवलं की अजूनही मला स्वस्थ बसवत नाही. संध्याकाळी हे आले तेव्हा मी त्यांना तळव्यातून पाणी पिऊन दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

नळी घालावी लागली नाही. पुढे कॅप्सूलही मी मान खाली घालून गिळली. तपासणीत श्वासनलिकेजवळ अजून काहीतरी दिसतं म्हणतात. ते वाढतं की विरतं, हे बघत राहायचं. रात्री गळ्याला हात लागला की बोटं तिथेच गाठ शोधत राहतात. अबोला मात्र सुटला. गुरुवारी मी पुन्हा पळी घेऊन बसते. श्लोक हे म्हणतात, मी फक्त तीर्थ देते. माझ्या त्या फुटक्या आवाजाची मला लाज वाटायची. दुकानात, फोनवर, मी बोलायचं टाळायचे.

म्हणूनच शमीमआपांना फोन करायला मी फार उशीर लावला. शेवटी एकदा धीर करून लावला. त्यांच्या मुलीनं उचलला; हॉस्पिटलात ती मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. मी माझ्या त्या वाऱ्यासारख्या आवाजात विचारलं, "शमीमआपा कशा आहेत?" पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं.

"अम्मी गयी, खाला," ती म्हणाली. "पिछले महीने."

मी नुसतं त्यांचं नाव घेतलं. मग ती म्हणाली, "खाला, आपकी आवाज बिल्कुल अम्मी जैसी है. आखिर में अम्मी ऐसेच बोलती थी."

ज्या गळ्यासाठी मी देवाशी भांडले होते, त्यातला आवाज कोणाला तरी ओळखीचा वाटला. मी म्हणत होते, माझं काढून घेतलं. काय घेतलं आणि ते कोणासाठी ठेवलं, हे आपल्याला कुठे कळतं? त्या क्षणी मी मनातल्या मनात मान खाली घातली, पाणी घेताना घालते तशीच, आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही.

मी फोन ठेवायला गेले तर ती घाईघाईनं म्हणाली, "रखो नको, खाला. और बोलो ना. कुछ भी बोलो."

मी बोलत राहिले.