एक्केचाळीस पायऱ्यांची विहीर

विट्याजवळच्या खडकवाडीत साळूबाई राहायची. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर ऐंशी माणसांचा सामाईक स्वयंपाक होता. त्या चुलीवर तीच असायची. बाजारातून आलेल्या तेलाचे डबे तिनंच फोडले, तिनंच फोडण्या दिल्या. तीन आठवड्यांत माणसांचे पाय सुजायला लागले. बोट दाबलं की खड्डा पडायचा, तो भरून यायचा नाही. दम लागायचा. त्यात नऊ माणसं गेली. तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं विषारी तेल मिसळलेलं होतं, हे सरकारी माणसांनी नंतर सांगितलं.

साळूबाईही सुजली होती. दोन महिने अंथरुणाला खिळून ती उठली. खडकवाडीतली तिच्यासह तेवीस माणसं वाचली. सूज उतरली, पाऊसपाणी झालं, लोक कामाला लागले. संकट टळलं असंच सगळे समजून चालले.

गावच्या विहिरीला एक्केचाळीस पायऱ्या. बायका पाण्याला आणि पुरुष अंघोळीला तिथंच उतरायचे. आजारातून उठल्यावर साळूबाईला भरली घागर घेऊन एका दमात वर येता येईना. मध्येच भिंतीला टेकावं लागायचं. म्हणून आपल्यासारखं आणखी कोण थांबतं, याकडे तिचं लक्ष जाऊ लागलं. त्या तेवीस जणांत रंगूबाई होती. ती चौऱ्याहत्तरच्या शिमग्याला खालून तिसाव्या पायरीवर थांबायची, आखाडात बाविसाव्या, पोळ्याला पंधराव्या. दसऱ्याच्या आत तिचे पाय पुन्हा सुजले आणि ती गेली. गाव म्हणालं, आयुष्य तेवढंच होतं. पण दुसऱ्या दिवसापासून साळूबाई भांडी घासायला विहिरीच्या काठावरच बसू लागली.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. वाचलेल्यांपैकी कोण कुठल्या पायरीवर थांबलं, हे ती नुसतं ध्यानात ठेवायची. तीन वर्षं तिनं हे केलं आणि कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या संक्रांतीला अर्जुना अंघोळ करून वर येताना थांबला. तेवीस जणांतलाच, चाळिशीतला धडधाकट गडी. साळूबाई उठून उभी राहिली.

"का थांबलास रं?"

"पायात काटा गेला, वयनी."

"काटाबिटा काय न्हाई. दिवाळीला सरळ वर आलातास. आज एकविसाव्या पायरीवर थांबलास. उद्या मिरजंला जाऊया."

अर्जुनाची बायको धोंडुबाई हसायला लागली. "आवं साळूवयनी, दोन वक्ताला चार भाकरी खातोय. त्येला काय धाड भरलीया?"

"रंगूबाईबी खात हुती," साळूबाई म्हणाली.

धोंडुबाईचं हसू मावळलं. सकाळच्या एस.टी.नं तिघं मिरजेला गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी अर्जुनाच्या छातीचा फोटो काढला आणि उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. हृदय वाढलं होतं.

"पायाला सूज नाही, खोकला नाही. तुम्हाला कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

साळूबाईनं विहिरीचं सांगितलं. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"बाई, आम्ही इथं लाकडाच्या दोन पायऱ्या ठेवून माणसाला चढउतार करायला लावतो. हृदयाची ताकद कळावी म्हणून. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. दिसलं तेवढं बघितलं."

"बाकीच्यांचं काय?"

साळूबाईनं डोळे मिटले आणि एकेक नाव घेऊन ती सांगत गेली, या साली कुठली पायरी, गेल्या साली कुठली. शेजारच्या खोलीतले डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. नर्सबाई इंजेक्शनची ताटली हातात धरून ऐकत राहिली.

मग डॉक्टरांनी सावकाश समजावलं. त्या तेलानं हृदयाला इजा केली होती. सूज उतरली तरी काहींचं हृदय कमजोरच राहिलं असावं, आणि ते उघडं पडायला वर्षं जातात.

"फोडणी मीच दिली हुती," साळूबाई म्हणाली.

"त्या तेलाला वेगळा वास नसतो, बाई. मलाही ओळखता आलं नसतं."

फाल्गुनात डॉक्टर जीपमधून खडकवाडीला आले. विहिरीच्या काठावर सतरंजी टाकून त्यांनी बावीस जणांना तपासलं. सात जणांचं हृदय दुबळं निघालं. त्यातले सहा साळूबाईनं आधीच सांगितले होते. सातवी ती स्वतः होती.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी छाती ऐकायच्या नळीची टोकं तिच्याच कानांत घातली. साळूबाई दचकली, मग अगदी स्थिर झाली.

"ह्ये माझं हाय?"

"तुमचंच."

"आन् ह्ये झोपतं कवा?"

"झोपत नाही. आईच्या पोटात असल्यापासून चालू आहे."

"इख खाऊनबी?"

"हो. तरीसुद्धा."

साळूबाईनं धोंडुबाईला हाक मारली, "ये, आईक गं, तुझ्या दादल्याचंबी आईक!" पाठोपाठ सगळं गाव रांगेला लागलं. ऐकून उठणारा प्रत्येक जण देवळातून बाहेर आल्यासारखा हळू बोलत होता. डॉक्टर घड्याळाकडे न बघता बसून राहिले.

सातही जणांना गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं, जड काम सुटलं. त्यातला एक म्हातारा पुढच्या वर्षी गेला. अर्जुनानं ऊसतोड सोडून गावात चहाचं हॉटेल टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साळूबाई सगळ्यांना घेऊन मिरजेच्या एस.टी.त बसायची. कंडक्टर तिच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचा.