सगळ्यांना सगळी कामं

नव्वदच्या दशकात डोंबिवली पूर्वेला एका कॉम्प्युटर क्लासला मी जायचो. तिथे गाव वसवायचा एक गेम होता. त्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं. शेतकऱ्याने नांगरायचं, कोळ्याने मासे धरायचे, प्रधानाने हुकूम सोडायचे, बायकांनी रांधायचं. दुसरं काही सांगितलं की माणूस नुसती नकारार्थी मान हलवायचा. मी गेमच्या फायली उघडून एवढंच केलं, की कोणीही कुठलंही काम करावं. फ्लॉपी तिघांना दिली आणि म्हटलं, मोकळेपणाने सांगा.

पहिले क्लासचे सर. समतेवर ते नेहमी बोलायचे. बदल त्यांना आवडला. फक्त पुजारी विटा वाहताना बघवत नाही म्हणाले. पुजाऱ्याला मी बदलातून सोडलं, तर दुसऱ्या दिवशी प्रधानाचं निघालं. तो शेण उचलायला लागला तर त्याचं ऐकणार कोण? त्यालाही सोडलं. मग सावकाराला. शेवटी सरांच्या गावात समता आली, म्हणजे शेतकरी आणि कोळी एकमेकांची कामं करायला मोकळे झाले.

दुसरा माझा मित्र, खाडीकाठच्या कोळी घरातला. त्याने कोळ्याला प्रधान केलं आणि प्रधानाला होडीत बसवलं. गावात उपासमार सुरू झाली. मला वाटलं, माझ्याकडूनच काहीतरी बिघडलं.

"बिघडलं काय नाय रे," तो शांतपणे म्हणाला. "प्रधानाला जाळं टाकता येत नाय, एवढंच. आमचा कोळी हुकूम पहिल्या दिवसापासून बरोबर देतोय."

तिसरी ताई. ती नोकरीवरून आली की थेट ओट्यापाशी उभी राहायची. रविवारी तिला क्लासमध्ये नेलं. तिच्या गावात बायका विहिरी खणत होत्या आणि घरी येऊन रांधतही होत्या. पुरुष चुलीपाशी का जात नाहीत, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की रांधणाऱ्या पुरुषाचं चित्रच गेममध्ये नाही.

"मग काढ की," ताई म्हणाली.

ठिपक्याला ठिपका जोडत मी एक पुरुष काढला, त्याच्या हातात पळी दिली. सरांनी तो पाहिला आणि त्याच दुपारी सगळ्या मशीनवर जुना गेम परत घातला. पालक येऊन बघतात, म्हणाले.

ताईने फ्लॉपी ऑफिसात नेली. तिथल्या बायका जेवणाच्या सुट्टीत खेळू लागल्या. त्यांची तक्रार काहीच नव्हती, फक्त एक सूचना होती: जेवण झाल्यावर भांडी कोण घासणार, तेही बघा. त्याचंही चित्र मला काढावं लागलं.