मोठ्या बाईंचा तास

मुख्याध्यापिकेनं वर्गावर जायचं नसतं, हा आमच्या कसबा पेठेतल्या शाळेचा अलिखित नियम. तिनं ऑफिसात बसावं, सह्या कराव्यात, पालकांची भांडणं मिटवावीत. शिक्षक वर्गाचं दार लावून घेणार आणि आत काय चाललंय ते फक्त मुलांना ठाऊक. मी नवीनच रुजू झाले होते. चौथीच्या मुलांना साधी वजाबाकी धड येत नाही हे पाहिलं आणि बैठकीत म्हणाले, "मी अधूनमधून तुमच्या वर्गात मागे येऊन बसत जाईन."

सर्वांत जुने सर चष्मा पुसत म्हणाले, "अवश्य या. पण आधी आपण शिकवून दाखवा. आम्ही मागे बसतो. ऑफिसातला चहा काय, नंतरही घेता येईल."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याच्या भरात "शनिवारी" असं बोलून बसले.

कितीतरी वर्षांत मी खडू हातात धरला नव्हता. फजिती झाली तर एकही दार माझ्यासाठी उघडणार नव्हतं. मुलं आहेत तशीच पाचवीत ढकलली जाणार होती आणि त्या ढकलण्यावर सही माझी असणार होती. शुक्रवारी स्वयंपाक करताना मी भिंतीला वजाबाकी शिकवत होते. नवरा म्हणाला, "भिंतीला कळलं बरं का, आता आमटीत मीठ घाल."

शनिवारी इतर वर्ग सुटल्यावर चौथीला थांबवून घेतलं. मी जिना चढत होते तेवढ्यात चौथीच्या बाई लगबगीनं खाली आल्या. स्वभावानं मऊ, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या. हळूच म्हणाल्या, "काळजी करू नका. मुलांना सांगून ठेवलंय. येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. तुम्ही उजव्यांनाच विचारा."

तपासणीला साहेब आले की कितीतरी शाळांत चालणारी ही जुनी युक्ती. आज ती माझी अब्रू वाचवायला काढली होती. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर. फळ्यावर आकडे लिहिताना खडू घामानं निसटत होता. शून्याकडे काही नाही म्हणून शतकाकडून उसना घेतला, शून्यावर नऊ मांडला, उत्तर काढलं. मागे सगळे शिक्षक, हाताची घडी. मी विचारलं, "कुणाकुणाला आलं?"

सगळा वर्ग हात वर करून बसला. पाहिलं तर जेमतेम पाच-सहा उजवे. बाकी डाव्या हातांचं रान. उजव्याला विचारलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, पण पुढे मी मागे बसल्यावर मलाही उजवेच दाखवले गेले असते आणि दारं सन्मानानं बंद राहिली असती. मी दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं.

ती घाबरून उभी राहिली. अकोल्याकडून नुकतीच पुण्यात आलेली. आधी तिनं आपल्या बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोठ्या बाई, माहा डावा आहे."

मागे कुणीतरी खोकलं. चौथीच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणूनच विचारलं," मी म्हणाले. "काय नाही आलं?"

"शून्यापाशी तं काहीच नव्हतं. मंग नऊ कुठून आले?"

इतका सरळ प्रश्न. उत्तर मला येत होतं, पण इतक्या डोळ्यांसमोर ते कुठे पळालं कोण जाणे. मी म्हणाले, "तशी रीत आहे." ती मान हलवून खाली बसली. तिला कळलं नव्हतं, हे मला कळलं. शिपायानं घंटा दिली.

जुने सर जाताना एवढंच म्हणाले, "बराय, बाई." पुण्यात याहून मोठी शिक्षा नाही.

मी ऑफिसात येऊन नुसती बसून राहिले. दार वाजलं. चौथीच्या बाई आत आल्या, दार लावून घेतलं आणि उभ्याच राहिल्या. त्या माफी मागणार किंवा रडणार असं वाटलं. मला दोन्ही नको होतं.

"सोमवारी परत घेणार का तास?" त्यांनी विचारलं.

"विचार करते."

"घ्या. मी मागे बसेन." मग खाली बघत म्हणाल्या, "तो नऊ कुठून येतो ते मलाही नाही माहीत. इतकी वर्षं मीसुद्धा रीत म्हणूनच शिकवतेय."

त्या गेल्या. आता आनंद व्हायला हवा होता. एक दार तरी उघडलं होतं. पण मला दरदरून घाम फुटला. सोमवारी वर्गात शिकायला बसलेलं एक मोठं माणूस असणार होतं, आणि या वेळी मला चुकून चालणार नव्हतं.